चाळीस पावलं

येळवशीच्या सकाळी आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, कमरेवर घेऊन मी अव्वाच्या ओट्यावर उभी होते. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात. समोर, रस्त्याच्या पलीकडं, गयामावशीचं दार. दाराला नवा निळा रंग दिलेला. दारात तिची सून सुनीता उभी होती, हातात ताटानं झाकलेलं पातेलं. तिनं मला हात केला, मी तिला केला. आमच्या दोघींच्या मध्ये चाळीस पावलं. लहानपणी मी ती इतक्यांदा मोजली आहेत की झोपेतही चुकणार नाही. आणि त्या चाळीस पावलांच्या मधोमध छातीपर्यंत येणारी लोखंडी जाळी, खाली सिमेंटचा कट्टा, कट्ट्यातल्या मातीत वाळलेली कण्हेर. तिला दुभाजक म्हणतात. मी तिला काय म्हणते ते इथं लिहिता येणार नाही.

वेळ अमावस्येला आमच्या लातूरकडं येळवस म्हणतात. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी बाजार बंद, शाळा बंद, गाव ओस पडतं आणि माणसं रानात जाऊन जेवतात. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. न बोलावता गेलं तरी कुणी परत पाठवत नाही. आम्हाला रान नव्हतं. आमचं बारदानाचं दुकान होतं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर, आणि दोन्हीकडं तागाचा वास. अजूनही कुठं नवं पोतं उघडलं की माझं नाक आधी घरी जाऊन येतं.

तो वास, आणि त्यावर दाळमिलचा. तुरीची टरफलं उन्हात तापली की एक कोरडा, गोडसर वास सुटायचा. तो कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा, दुधावरच्या सायीत उतरायचा. दुपारी मिलचा भोंगा झाला की रस्ता बायांनी भरायचा. रस्ता म्हणजे मुरुमाचा, कडेला लिंबाची झाडं, मधून गोलाईकडं जाणाऱ्या पोत्यांच्या बैलगाड्या. गोलाई आमच्या गावचा गोल बाजार. ज्यानं कुणी तो आखला त्यानं चहूकडं सोळा रस्ते सोडले. गाडी कुठूनही आत यावी, कुठूनही बाहेर पडावी, बैलाला मागं सरावं लागू नये. त्या माणसानं बैल पाहिलेला होता. आमचा दुभाजक आखणाऱ्यानं एक म्हातारी बाईसुद्धा पाहिलेली नसावी. त्याच्या घरात आई नव्हती का, हे मला खरंच विचारायचं आहे.

गयामावशी फाटकी पोती शिवायला आमच्याकडं यायची. दाभण आणि सुतळी घेऊन ओट्यावर बसायची. ताग भोसकून दाभण पलीकडं निघताना खर्र असा आवाज व्हायचा, मग सुतळी ओढल्याचा लांब आवाज, मग पुन्हा खर्र. त्या आवाजात मी पोत्यांच्या थप्पीवर किती दुपारी झोपले असेन. अव्वा शेजारी डाळ निवडत बसायची. दोघी बोलायच्या तरी काय इतकं? आठवत नाही. हसायच्या मात्र पुष्कळ, आणि दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पाऊल वाजलं की एकदम गप्प व्हायच्या.

मला शाळा-शाळा खेळायचा नाद. विद्यार्थी कुणी मिळेना, म्हणून मी गयामावशीला बसवलं. पोत्यांवर खुणा करायची काळी शाई आणि कुंचला दादांच्या गल्ल्यापाशी असायचा. तो चोरून एका फाटक्या पोत्यावर मी तिला तिचं नाव काढून दिलं. ती दाभण धरायची तसाच कुंचला मुठीत धरायची आणि असा जोर लावायची की शाई पोत्याच्या पलीकडून निघायची. आठ दिवसांनी तिनं न बघता 'गयाबाई' लिहिलं. त्या दिवशी तिनं आमच्या दुकानातल्या बारा पोत्यांवर स्वतःचं नाव लिहिलं होतं. दादा मला खूप बोलले. ती पोती नंतर कुठल्या कुठल्या गावाला गेली.

आमची आत्या मात्र म्हणायची, "रस्त्याच्या त्या अंगाला लई जात जाऊ नकोस गं, महादेवी." महादेवी म्हणजे अव्वा. त्या अंगाला गयामावशीची वस्ती होती. अख्खी वस्ती बुद्धाची झालेली होती, आणि आत्याला त्यांच्या हातचं चालायचं नाही. म्हणजे तो रस्ता नुसता रस्ता नव्हता. त्याच्या मधून एक रेघ गेलेली होती. ती कुणी कागदावर काढली नव्हती, तरी शेंबड्या पोरालाही कळत होती.

अव्वानं ती रेघ कधी भांडून पुसली नाही. एका येळवशीला तिनं आंबिलीची बिंदगी उचलली, मला बोटाला धरलं आणि चाळीस पावलं चालून गेली, एवढंच. गयामावशीच्या नवऱ्याचं गावकुसाला दोन एकर रान होतं. आम्ही त्यांच्या बैलगाडीतून गेलो. करडई फुललेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केलेली. अव्वानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून कोपीपुढं नारळ ठेवला आणि गयामावशीकडं जरा अवघडून बघितलं. गयामावशी म्हणाली, "आक्का, तू कर की तुझी पूजा. आमच्यात पूजा न्हाई. पण भज्जी खायला कुणी बंदी केलीया व्हय?"

त्या दिवसापासून ठरून गेलं. आंबील आमच्याकडची, भज्जी त्यांच्याकडची. हिरवी तूर, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, घेवडा, मेथी, रानात असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं, आणि सोबत बाजरीचे उंडे. ताकातली ज्वारीची आंबील रात्रभर आंबून जराशी आंबट व्हायची, तिला लसणाचा वास यायचा. पितळी बिंदगीला दर वर्षी नवी कल्हई. पुढं ते रान प्लॉटिंगमध्ये गेलं. करडईच्या जागी चुन्याच्या रेघा आल्या, मग खांब, मग घरं. तरी येळवस बंद पडली नाही. गयामावशीच्या ओट्यावर घोंगडी अंथरून आम्ही रानात बसल्यासारखे बसायचो. आंबील रस्ता ओलांडून यायची, इतकंच काय ते रान शिल्लक होतं.

मग गाव वाढलं. गावोगावची पोरं शिकायला येऊन राहिली, गल्लोगल्ली क्लास झाले, वसतिगृहं झाली. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यातलीच काही मी नांदेडला शाळेत शिकवून पाठवली आहेत. राग आहे तो रस्त्याकडं फक्त गाड्यांच्या काचेतून बघणाऱ्यांवर. एका पंधरवड्यात लिंबाची झाडं गेली. आमचा ओटा अर्धा कापला. जिथं बसून पोती शिवली जायची ती जागा आता डांबराखाली आहे. पायी चालणाऱ्याला दोन वितीही ठेवल्या नाहीत. कुणी विचारायला आलं नाही की बायांनो, तुम्ही इथून चालता कशा, बसता कुठं, कुणाकडं जाता.

एका येळवशीला अव्वाला स्कूटरचा धक्का बसला. मी लग्नानंतर नांदेडची झालेली. त्या वर्षी दुपारी पोचले तर अव्वा कोपराला हळद लावून बसलेली, बिंदगीला मोठा पोचा पडलेला, आणि रस्त्यावर आंबिलीचा पांढरा डाग. त्या डागावरून गाड्या जात होत्या. माझं डोकं फिरलं. तिथंच बसून मी अर्ज लिहायला घेतला.

शेजारी जमले. कुणी म्हणालं, गतिरोधक मागा. आणि मी, शहाणी, नांदेडची मास्तरीण, म्हणाले, "गतिरोधकानं काय होतंय? आमच्या नांदेडला बघा, रस्ते रुंद केले, मधे दुभाजक घातले, त्यात झाडं, वर दिवे. कसं शहर वाटतं! आपलं लातूर काय कमी आहे?" नांदेडला आहे आणि लातूरला नाही, एवढं ऐकलं की लातूरचा माणूस पुढं काही ऐकत नाही. सगळ्यांना पटलं. 'नांदेडच्या धर्तीवर शोभिवंत दुभाजक करून मिळावा.' हे वाक्य माझं. त्या दुभाजकाला मधे वाट ठेवा, हे लिहायचं मला सुचलं नाही. नांदेडचा दुभाजक मी रिक्षातून पाहिला होता. तो ओलांडून मला कुणाच्या घरी आंबील न्यायची नव्हती.

गयामावशीनं विचारलं, "कुठं करू सही?"

"सगळ्यांत वर कर, मावशी."

"वाचून दाखव की आधी," कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, "कशाला? पोरीनं लिवलंय न्हवं? मग बरंच असंल." आणि मुठीत पेन धरून तिनं सही केली.

दुभाजक आला. कधी नव्हे ते सरकारी काम इतकं लवकर झालं. जाळी बसली, कण्हेर लागली, आणि वळायला जागा ठेवली ती अर्धा किलोमीटर वर, पेट्रोल पंपापाशी. गाडीला अर्धा किलोमीटर म्हणजे काय? गुडघे गेलेल्या बाईला ते वर अर्धा आणि पलीकडून खाली अर्धा. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, आणि अव्वा ओट्यावर बसून कण्हेरीला पाणी घालणारा टँकर बघायची. पुढच्या उन्हाळ्यात तो टँकरही येईनासा झाला.

दोघी मोबाइलवर बोलायला लागल्या. समोरासमोर ओट्यावर बसून, कानाला फोन लावून.

"आक्का, हिरवं नेसलीस व्हय आज?"

"दिसलं का तुला?"

"हाव. पदर नीट घे, गाडीचा धुरळा उडायलाय."

नांदेडला मला हे सांगताना अव्वा हसायची आणि मीही हसायचे. केवढी मजेशीर गोष्ट वाटली होती मला. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत ती रंगवून सांगितली आहे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या वैशाखात भरदुपारी गयामावशी गेली. उन्हामुळं ठेवायची सोय नव्हती. सुनीतानं फोन केला तशी अव्वा उठली आणि सवयीनं थेट रस्त्यात उतरली. जाळीपर्यंत गेली. दोन्ही हातांनी जाळी धरून उभी राहिली. समोर अंगणात माणसं जमलेली दिसत होती, पांढरी कापडं दिसत होती, पण माणसांच्या मधे कोण निजलंय ते दिसत नव्हतं. शेवटी एका रिक्षावाल्यानं तिला रिक्षात घेतलं आणि पंपाकडं वळण घ्यायला निघाला. नेमके क्लास सुटलेले. रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. अर्ध्या वाटेत अव्वानं बघितलं, जाळीच्या पलीकडून मयताची गाडी खाली चाललेली. गाडीच्या मागं सुनीताचा नवरा मोटारसायकलवर. गाडीच्या काचा बंद होत्या.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. अव्वा रडत नव्हती. म्हणाली, "शेवटचं तोंड बगाय मिळालं न्हाई. ती खाली चालली, मी वर. मधी तुझी जाळी."

तुझी म्हणाली. टोमणा म्हणून नाही, सहज म्हणाली. अर्ज मी लिहिला होता, हे तिला चांगलं आठवत होतं.

म्हणून या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशीच मी लातूरला आले आणि रस्त्यांचं बघणाऱ्या कचेरीत गेले. आमच्या दारासमोर चार हात जाळी कापून वाट करा, एवढंच मागणं. तिथले बाबू भले होते, चाकूरहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणारे. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक फाइल काढली.

"मॅडम, वाट ठेवली तर लोक कुठूनबी घुसतात म्हणतात आमचे साहेब. आन् दुसरं म्हंजी, हे तुमच्याच लोकांचं मागणं हाय की. ही बगा."

माझा अर्ज. माझं वळणदार अक्षर. सगळ्यांत वर गयामावशीची सही, इतका जोर लावून केलेली की मागच्या कागदावरही उमटली होती.

"अक्षर लई सुरेख हाय बरं का ज्यानं कुणी लिवलंय त्याचं," बाबू म्हणाले.

मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि उठले. चहा तसाच राहिला. जिन्यावर मला इतका राग आला की मी कठड्यावर हात आपटला. कुणावर आला, ते नीट सांगता येणार नाही. त्या साहेबावर, त्या सुरेख अक्षरावर, शहरासारखं दिसायच्या आमच्या सगळ्यांच्या हौसेवर. आमच्या आईबापांना शहरासारखं दिसायचं नव्हतं. त्यांना समोरच्या घरी जाऊन यायचं होतं.

तर येळवशीच्या सकाळी मी बिंदगी घेऊन ओट्यावर उभी होते. पंपापर्यंत जायचं मी नाकारलं. सरळ रस्त्यात उतरले. तिकडून सुनीता उतरली. एक मोटारसायकलवाला अंगावरून जाता जाता ओरडला, "ओ मावशी, मरायचंय का?"

"तू जा बाबा, तुला उशीर होतोय," मी म्हणाले.

जाळीपाशी आम्ही दोघी भेटलो. बिंदगी फटीतून जाईना. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, सुनीतानं पलीकडून टाचा वर करून धरली. थोडी आंबील सांडली, माझ्या कोपरावरून खाली ओघळली. तिनं भज्जीचं पातेलं वरून दिलं. ते इतकं गरम होतं की मी ते पदरात धरलं. सुनीता म्हणाली, "सासूबाई असत्या तर चढून आल्या असत्या बघा ह्यावरून." दोन्ही बाजूंनी गाड्या भोंगे वाजवत होत्या. आम्ही हसलो आणि आपापल्या बाजूला परतलो.

अव्वानं भज्जी खाल्ली. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "काल कचेरीत काय म्हनले?"

मी सांगणार नव्हते. पण तिच्याशी खोटं बोलणं मला या वयातही जमत नाही. सगळं सांगितलं. अर्ज दाखवला म्हणून सांगितलं, गयामावशीची सही म्हणून सांगितलं.

"तिची सही हाय अजून तितं?"

"हाय, अव्वा."

"बगू."

मी मोबाइलवर फोटो मोठा करून दिला. तिनं चष्मा पुसला. बोट त्या अक्षरांवर ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. बोटाच्या दाबानं फोटो सारखा सरकायचा, मी तो पुन्हा जागेवर आणायचे, असं चार-पाच वेळा झालं. शेवटचं तोंड बघायला गेलेली बाई आता ते बघत होती.

"दाभण धरल्यावानीच लिवलंय बयानं," ती म्हणाली. मग मोबाइल परत दिला. "कागद आन. पुना लिव."

मी लिहायला बसले. या वेळी शहर, शोभा, नांदेड काहीही लिहिलं नाही. 'आम्हाला समोरच्या घरी पायी जायचे आहे. आमच्या दारासमोर चार हात वाट करून द्यावी.' खाली सह्यांसाठी आकडे घातले. अव्वाला म्हणाले, "कर सही, तुझी पहिली."

तिनं एक आकड्याची ओळ मोकळी सोडली आणि दोनपुढं सही केली. "पैली तिची हाय," म्हणाली. मग मी केली. मग सुनीतानं, संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंच्या सगळ्यांनी. एकनंतरच्या ओळी भरत गेल्या, ती ओळ कुणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या मी अर्ज बाबूंपुढं ठेवला. त्यांनी अक्षर ओळखलं, माझ्याकडं बघितलं. सह्यांवरून बोट फिरवत खाली गेले आणि परत वर येऊन थांबले.

"मॅडम, पयली सही राहिली की."

"राहिली न्हाई," मी म्हणाले. "ती तुमच्याकडंच हाय. जुन्या अर्जावर बघा, सगळ्यांत वर."

त्यांनी आवकचा शिक्का उचलला, शाईच्या डबीवर दाबला आणि ती मोकळी ओळ सोडून खाली कोपऱ्यात मारला.